फाउस्तो कॉप्पी : घाट एकट्याने चढणारा सायकलपटू



आपल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात सायकल हा खेळाचा विषय कधीच नव्हता. सकाळच्या शिफ्टला एमआयडीसीच्या गेटाकडे निघालेली, हँडलला डबा अडकवलेली सायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. आता घरोघरी मोटारसायकली आल्या, तरी पालघरच्या गावागावांतून पाववाला आणि दूधवाला अजून सायकलवरच येतो. अशाच एका दुकानाचा माल सायकलवरून पोहोचवणारा गरीब शेतकऱ्याचा मुलगा पुढे जगातला सर्वांत मोठा सायकलपटू झाला. तो ज्या आजाराने गेला, तो आजारही आपल्या जिल्ह्याला चांगला ओळखीचा आहे. म्हणून या रविवारी फाउस्तो कॉप्पीची गोष्ट.

फाउस्तोचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांतात, कास्तेल्लानिया नावाच्या टेकडीवरच्या खेड्यात झाला. वडील दोमेनिको, आई आंजोलिना. पाच भावंडांत तो चौथा, आणि त्याच्या पाठीवर सेर्से नावाचा धाकटा भाऊ. शेती थोडी, खाणारी तोंडे जास्त. पोरगा अंगाने किडकिडीत. पाय लांबच लांब, छाती पुढे आलेली, हाडे ठिसूळ. चालताना बेढब दिसायचा. सायकलवर बसला की तोच मुलगा डौलदार वाटायचा, असे त्याला पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. एकदा शाळा चुकवून तो जुन्या सायकलवर भटकला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडून चूक कबूल करणारे वाक्य शंभर वेळा लिहून घेतले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नोव्ही लिगुरे या गावी सलामी-सॉसेजच्या दुकानात कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचवायचा, तोही सायकलवर. जहाजावर अधिकारी असलेला त्याचा काका, त्याचेही नाव फाउस्तोच, याने पुतण्याची ओढ पाहून शर्यतीच्या सायकलसाठी पैसे दिले.

नोव्ही लिगुरेमध्येच त्याला बियाजो काव्हान्ना भेटला. हा मालिश करणारा माणूस दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. मोठमोठ्या सायकलपटूंचे पाय त्याच्या हाताखालून गेले होते आणि नुसत्या स्पर्शाने तो माणसाचा दम ओळखायचा. या काटकुळ्या पोराच्या पायांवरून हात फिरवल्यावर त्याला जे कळले ते डोळस लोकांना अजून कळायचे होते. काव्हान्नाने त्याला काय खावे, कधी झोपावे, कसा सराव करावा हे शिकवले. पुढे आयुष्यभर कॉप्पीचे पाय त्याच्याच हातात राहिले. १९३८ साली एका छोट्या शर्यतीत फाउस्तो पहिला आला, आणि बक्षीस मिळाले ते गजराचे घड्याळ.

आता दुसरा माणूस. जिनो बार्ताली फ्लॉरेन्सजवळचा, कॉप्पीहून पाच वर्षांनी मोठा. इटलीची फेरी म्हणजे जिरो त्याने १९३६ आणि १९३७ साली जिंकली होती, १९३८ साली टूर द फ्रान्सही. कार्मेल संघाच्या तृतीय शाखेचा व्रतस्थ सदस्य, मिस्सा न चुकवणारा, उघडपणे प्रार्थना करणारा. १९४० साली लेन्यानो संघात वीस वर्षांच्या कॉप्पीला घेतले गेले, ते बार्तालीचा मदतनीस म्हणून. सायकलच्या शर्यतीत अशा मदतनिसाचे काम म्हणजे नेत्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणणे, वाऱ्यात पुढे राहून त्याला आडोसा देणे आणि वेळ पडली तर आपले चाक काढून त्याला देणे. बिगाऱ्याचेच काम म्हणा ना.

त्या वर्षीच्या जिरोत दुसऱ्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आला आणि बार्ताली पडला. दुखापत झाली, वेळ गेला. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात पाऊस आणि गारांच्या माऱ्यात आबेतोने घाटावर या पाणक्याने सर्वांना मागे टाकले आणि आघाडीचा गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आला. पुढच्या डोंगरांत तो एकदा पार गळून गेला, शर्यत सोडायला निघाला. तेव्हा त्याला हुसकावून, प्रसंगी बर्फ चोळून पुन्हा सायकलवर बसवणारा बार्तालीच होता. ज्याच्यामुळे आपले पहिले स्थान गेले त्यालाच त्याने पोहोचते केले. वीस वर्षे आठ महिन्यांचा कॉप्पी जिरो जिंकला. त्याच्याहून लहान विजेता आजपर्यंत झालेला नाही.

ही शर्यत ९ जून १९४० रोजी मिलानमध्ये संपली. १० जूनला इटली महायुद्धात उतरली आणि विजेता सैनिक झाला.

सुरुवातीला त्याला देशातच ठेवले होते. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर त्याने एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम केला, ४५.७९८ किलोमीटर. हा ट्रॅक म्हणजे कडा उभ्या उचललेले लाकडी फळ्यांचे गोल रिंगण. तिथे सोबतीला कोणी नसते, आडोसा नसतो, उतार नसतो. माणूस, सायकल आणि घड्याळ एवढेच. आपल्या रस्त्यावर साधा माणूस तासाला बारा-पंधरा किलोमीटर जातो, हे लक्षात घ्या. त्या दिवसांत मिलानवर बॉम्ब पडत होते. हा विक्रम चौदा वर्षे टिकला. १९५६ साली फ्रान्सच्या जाक आंकेतिलने तो मोडला.

विक्रमाने युद्ध मात्र चुकले नाही. मार्च १९४३ मध्ये त्याला उत्तर आफ्रिकेला पाठवले आणि एप्रिलमध्ये ट्युनिशियात इंग्रजांनी पकडले. युद्धकैद्यांच्या छावणीत तो पडेल ते काम करू लागला. छावणीत त्याच्याबरोबर एका ताटात जेवलेला आर्दुइनो क्याप्पुच्ची नावाचा सैनिक होता. पुढे त्याचा मुलगा क्लाउदिओ १९९० सालच्या टूर द फ्रान्समध्ये दुसरा आला. कॉप्पीच्या गोष्टी ऐकतच तो मोठा झाला होता. आफ्रिकेतच कॉप्पीला पहिल्यांदा मलेरिया झाल्याचे सांगतात. १९४५ च्या सुरुवातीला त्याला इटलीत कासेर्ताला आणले, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. तिथे नेपल्सच्या एका वृत्तपत्राने आवाहन केल्यावर एका सुताराने त्याला आपली सायकल देऊन टाकली. युद्ध संपले आणि कॉप्पी सायकलने घराकडे निघाला. इटलीचे रस्ते तेव्हा कसे असतील याची कल्पनाच करावी.

१९४५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ब्रुना चाम्पोलिनीशी चर्चमध्ये विवाह केला. १९४७ साली मरीना ही मुलगी झाली.

पुढच्या आठ वर्षांत त्याने जे केले त्याची नुसती यादी वाचली तरी दमायला होते. १९ मार्च १९४६ रोजी, संत योसेफच्या सणाच्या दिवशी, मिलान ते सान रेमो ही जवळजवळ तीनशे किलोमीटरची शर्यत झाली. युद्धानंतर ही शर्यत पहिल्यांदाच होत होती. कॉप्पी सुरुवातीलाच काही जणांबरोबर पुढे सटकला, तुर्किनो घाटावर तेही मागे पडले, आणि मग जवळजवळ दीडशे किलोमीटर तो एकटाच होता. दुसरा येईपर्यंत चौदा मिनिटे गेली. ही शर्यत त्याने तीनदा जिंकली, शरद ऋतूतली लोम्बार्दियाची शर्यत पाच वेळा, जिरो पाच वेळा (१९४०, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३), टूर द फ्रान्स दोनदा, दगडी रस्त्यांची पॅरिस-रूबे १९५० साली. ट्रॅकवरच्या पाठलाग शर्यतीचा तो दोनदा जगज्जेता झाला, १९४७ मध्ये पॅरिसला आणि १९४९ मध्ये कोपनहेगनला. या शर्यतीत दोघे जण रिंगणाच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदमच सुटतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. रस्त्यावरचे जगज्जेतेपद मिळायला मात्र १९५३ साल उजाडले, स्वित्झर्लंडमधील लुगानोला. डोंगर चढणारे वेगळे, ट्रॅकवर पळणारे वेगळे आणि घड्याळाशी झुंजणारे वेगळे, अशी सायकलच्या खेळात वाटणी असते. कॉप्पी या तिन्ही घरांत राहात होता.

एकच दिवस निवडायचा झाला तर लोक १० जून १९४९ निवडतात. जिरोचा कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा. वाटेत आल्प्सचे पाच घाट : मादालेना, व्हार, इझोआर, मोंजेनेव्हर आणि सेस्त्रिएरे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. इझोआर २,३६० मीटर, आणि रस्ता कच्चा, चिखलाचा. पहिल्याच घाटावर कॉप्पी सुटला आणि १९२ किलोमीटर एकटा गेला. बोईसरहून चर्चगेटला जाऊन जवळजवळ परत येण्याएवढे हे अंतर, मधे पाच डोंगर घालून. बार्ताली दुसरा आला, जवळजवळ बारा मिनिटांनी. त्या काळी घराघरांत रेडिओ नव्हता. गावातल्या खानावळीत, चौकात लोक एका रेडिओभोवती गोळा होऊन ऐकत उभे होते.

त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये पहिल्या आठवड्यात तो पडला, सायकल मोडली, आणि बदली मिळालेली सायकल त्याची नव्हती. तो रस्त्याच्या कडेला बसला. आपल्याला इथे नीट वागवत नाहीत, घरी जातो, असा हट्ट. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा स्वतः जुने विजेते. त्यांनी रागावून, समजावून त्याला पुढे काढले. आघाडीच्या गड्यापेक्षा तो तेव्हा ३६ मिनिटांहून अधिक मागे होता. शेवटी पॅरिसला पोहोचला तो पहिला, बार्तालीच्या जवळजवळ अकरा मिनिटे आधी. एकाच वर्षी जिरो आणि टूर दोन्ही जिंकणारा तो पहिला माणूस. आल्प्समध्ये एक दिवस बार्तालीचा वाढदिवस होता. दोघे बरोबर आले आणि कॉप्पीने त्याला पुढे जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी मात्र बार्तालीची सायकल पंक्चर झाली आणि कॉप्पी निघून गेला. खेळात इतके चालायचेच.

या दोघांवरून अख्खा इटली दोन तट पडून भांडत होता. बार्ताली म्हणजे देवभीरू, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या जवळचा. म्हणून कॉप्पी म्हणजे डाव्यांचा, असे लोकांनीच ठरवून टाकले. खरे तर कॉप्पी कम्युनिस्ट नव्हता, तोही कॅथलिक घरातलाच. दोघांचे हट्ट मात्र खरे होते. १९४८ च्या जागतिक स्पर्धेत एकमेकांना मदत होऊ नये म्हणून दोघेही शर्यत सोडून बसले आणि इटलीच्या संघटनेने दोघांवर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोप पायस बारावे यांनी आशीर्वादित केलेली मशाल सायकलपटूंनी कोमो सरोवराजवळच्या गिसाल्लोच्या मरियामातेच्या चॅपेलपर्यंत नेली, तेव्हा तिच्या वाहकांत हे दोघेही होते. दुसऱ्या वर्षी गिसाल्लोची माता सायकलपटूंची आश्रयदाती म्हणून जाहीर झाली.

बार्तालीबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, जरी लेख त्याच्यावर नाही. जर्मनांच्या ताब्यातील इटलीत फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता आणि असिसीचे धर्मगुरू ज्यूंना लपवत होते. सरावाच्या नावाखाली बार्ताली शेकडो किलोमीटर सायकल चालवायचा आणि सायकलच्या नळीत लपवून बनावट ओळखपत्रांचे कागद पोहोचवायचा. हे त्याने जन्मभर कोणाला धड सांगितले नाही. २००० साली तो वारला आणि २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा सन्मान केला.

१९५२ च्या टूरमध्ये घेतलेले एक छायाचित्र इटलीत आजही सर्वांना माहीत आहे. घाट चढताना कॉप्पी पुढे, बार्ताली मागे, आणि एक बाटली या हातातून त्या हातात जात आहे. कोणी कोणाला दिली यावर सत्तर वर्षे वाद चालू आहे. दोघांनाही विचारले तर प्रत्येक जण मीच दिली म्हणायचा. त्या वर्षी कॉप्पीने टूर २८ मिनिटांनी जिंकली. तो इतका पुढे गेला की शर्यतीत चुरस राहावी म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस दुप्पट करावे लागले.

पण त्याआधी १९५१ चे वर्ष होते. धाकटा सेर्से थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकून सायकलपटू झाला होता. फाउस्तोइतका गुणी नाही, पण हसतमुख, आणि अबोल, चिंताखोर भावाचा खरा आधार. २९ जून १९५१ रोजी, संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या दिवशी, तुरिनमध्ये शर्यतीच्या शेवटी तो ट्रामच्या रुळांजवळ पडला. उठला, शर्यत पूर्ण केली, हॉटेलवर गेला, आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. फाउस्तोने सायकल कायमची सोडायचे मनात आणले होते. लगेचच आलेल्या टूरमध्ये तो उतरला खरा, पण एका टप्प्यात अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला. जवळच्या लोकांच्या मते तो पूर्वीसारखा पुन्हा झाला नाही. १९५२ चे विजय पाहता हे पटत नाही, पण माणूस शर्यत जिंकतो म्हणजे सावरलेला असतोच असे नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती टाळता येत नाही. ज्युलिया ओक्किनी ही एका डॉक्टरची पत्नी, दोन मुलांची आई. नवरा कॉप्पीचा मोठा चाहता; त्याच्यामुळेच ओळख झाली. १९५३ च्या जिरोत स्तेल्व्हिओ हा २,७५० मीटरहून उंच घाट प्रथमच चढवला गेला. शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी कॉप्पीने तिथे स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटला मागे टाकून शर्यत खेचून घेतली. त्या दिवशी गर्दीत ज्युलिया होती. पुढच्या वर्षी पांढऱ्या कोटातली ही बाई वारंवार दिसू लागली आणि पत्रकारांनी तिचे नावच शुभ्रवसना पाडले.

१९५४ मध्ये कॉप्पीने घर सोडले. ब्रुना आणि लहानगी मरीना मागे राहिल्या. इटलीत घटस्फोटाचा कायदा नव्हता. तो १९७० साली आला. विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा होता, पण दोघांना सारखा नाही : विवाहित स्त्रीला एक चूक पुरे होती, पुरुषाला शिक्षा होण्यासाठी त्याने दुसरी बाई उघड ठेवलेली असावी लागे. ज्युलियाच्या पतीने तक्रार केली. पोलीस रात्री घरी आले. ज्युलियाला काही दिवस तुरुंगात ठेवले, नंतर दूर अँकोनाला राहण्याची सक्ती केली. कॉप्पीचा पासपोर्ट जप्त झाला, तुरुंग नाही. १९५५ च्या मार्चमध्ये दोघांना दोषी ठरवून स्थगित शिक्षा दिली गेली. तो कायदा पुढे १९६८-६९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडचे ४९७ कलम २०१८ पर्यंत होते. त्यात उलटे, शिक्षा फक्त परपुरुषाला.

खुद्द पोप महोदयांनी कॉप्पीला पत्नीकडे परत जाण्यास सांगितल्याचे तेव्हा सर्वत्र छापून आले. ख्रिस्तसभेने विवाहसंस्काराबद्दल दुसरे काय सांगायचे होते? ब्रुनाचा काही दोष नव्हता, मरीनाचा तर नाहीच. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून थुंकणारे, शिव्या देणारे लोक कुठल्या शिकवणीने वागत होते, हा प्रश्न उरतो. काल याच लोकांनी त्याचे फोटो देवाच्या फोटोशेजारी लावले होते. आणि दगड मारताना बहुतेकांनी बाईलाच नेम धरला, हे पुराव्याने दिसते.

पुढे दोघांनी मेक्सिकोत लग्न केले, जे इटलीत कोणी मानले नाही. मूल इटलीत जन्मले असते तर कायद्याने त्याला ज्युलियाच्या पहिल्या पतीचे नाव लागले असते. म्हणून ती अर्जेंटिनाला गेली आणि १३ मे १९५५ रोजी तिथे फाउस्तीनोचा जन्म झाला. ब्रुनाने पुन्हा लग्न केले नाही.

कॉप्पी सायकल चालवतच राहिला. १९५५ ची जिरो अवघ्या १३ सेकंदांनी हुकली. १९५६ च्या लोम्बार्दिया शर्यतीत तो शेवटपर्यंत पुढे होता. गाडीतून जाणाऱ्या ज्युलियाने मागे पडलेल्या फ्योरेन्झो माग्नीला हिणवण्याची खूण केली. तो चिडून असा सुटला की सगळ्या घोळक्याने कॉप्पीला गाठले आणि अगदी रेघेवर फ्रान्सचा आंद्रे दारिगाद जिंकला. कॉप्पी रडला. त्या काळात सायकलपटू उत्तेजक गोळ्या सर्रास घेत, त्यावर तेव्हा बंदी नव्हती, आणि आपणही घेतल्याचे कॉप्पीने लपवले नाही. चाळिशी आली तरी कुठल्या तरी गावाच्या शर्यतीला मानधनासाठी तो जात असे. बघणाऱ्यांना वाईट वाटायचे. बार्तालीशी मात्र आता चांगले जमू लागले होते. १९५९ साली दोघांनी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात एकमेकांची थट्टा करणारे गाणे म्हटले. १९६० च्या मोसमासाठी कॉप्पी सान पेल्लेग्रिनो संघात जाणार होता आणि त्या संघाचा व्यवस्थापक होता बार्ताली.

१९५९ च्या डिसेंबरमध्ये तो काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर पश्चिम आफ्रिकेत अप्पर व्होल्टाला गेला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला. एक प्रदर्शनीय शर्यत, मग शिकार. कॉप्पी आणि त्याचा मित्र राफाएल जेमिनियानी एका खोलीत झोपले. डासांनी रात्रभर फोडून काढले. परत आल्यावर नाताळ झाला आणि दोघांनाही ताप भरला, एक फ्रान्समध्ये, एक इटलीत.

जेमिनियानी बेशुद्ध झाला. त्याच्या रक्ताचा नमुना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तपासला गेला आणि फाल्सिपेरम जातीचा मलेरिया निघाला. लगेच क्विनाइन सुरू केले, आणि तो वाचला. त्याच्या घरच्यांनी इटलीला फोन करून कळवले. पण कॉप्पीच्या डॉक्टरांनी फ्लू आणि फुप्फुसाचा दाह असे निदान केले होते आणि ते त्यावर ठाम राहिले. १ जानेवारीला त्याला तोर्तोनाच्या इस्पितळात हलवले. २ जानेवारी १९६० रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास फाउस्तो कॉप्पी वारला. वय चाळीस.

गंमत अशी, की याच आजाराचा जंतू १८८० साली अल्जेरियात लाव्हरान यांनी पाहिला, १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या पोटात शोधला, आणि माणसात तो अनॉफिलीस डासानेच पसरतो हे इटलीच्याच ग्रास्सी यांनी दाखवले. मात्र युद्धानंतर डीडीटी फवारून इटलीने मलेरिया जवळजवळ संपवला होता, त्यामुळे उत्तरेकडच्या डॉक्टरांना तो सुचेना. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या आरोग्य सेविकेने कुठून प्रवास करून आलात एवढे विचारून बोटाला सुई टोचली असती आणि काचपट्टी तपासायला पाठवली असती. जगातला सर्वांत नावाजलेला सायकलपटू त्या एका थेंबावाचून गेला. पावसाळ्यात ताप आला की दोन दिवस गोळी खाऊन बघू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. फाल्सिपेरम दोन-चार दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो.

२००२ साली आफ्रिकेत त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची एक वार्ता उठली. चौकशी झाली आणि त्यातून काही निघाले नाही. जेमिनियानी मात्र पुढे आणखी चौसष्ट वर्षे जगला आणि २०२४ साली ९९ व्या वर्षी वारला.

कॉप्पीचा अंत्यविधी कास्तेल्लानियाला झाला. त्या चिमुकल्या खेड्याच्या टेकडीवर हजारो माणसे चिखलातून चढून आली होती, आणि त्यांत बार्तालीही होता. फाउस्तो आणि सेर्से आज शेजारी शेजारी विसावले आहेत. १९६५ पासून जिरोच्या मार्गावरील सर्वांत उंच ठिकाणाला दरवर्षी कॉप्पीचे शिखर म्हणतात. गिसाल्लोच्या चॅपेलमध्ये भिंतीवर त्याची सायकल टांगलेली आहे आणि बाहेर त्याचा व बार्तालीचा अर्धपुतळा आहे. २०१९ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, गावाचे नाव अधिकृतपणे कास्तेल्लानिया कॉप्पी करण्यात आले.